काढून ठेवायचं घड्याळ

मोर्शीच्या बसस्टँडजवळ माझ्या वडिलांची घड्याळदुरुस्तीची पेटी होती. पेटी म्हणजे तीन बाजूंनी काचा लावलेलं लाकडी टेबल आणि मागे एक स्टूल. आता पेटीचं दुकान झालंय, पुढे शटर आलंय, पण टेबल तेच आहे आणि टेबलाच्या कडेला ठोकलेला खिळाही तोच. सकाळी बसलं की बाबा स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ काढून त्या खिळ्याला अडकवायचे आणि मगच डोळ्याला भिंग लावायचे. दुसऱ्यांची घड्याळं दुरुस्त करणारा माणूस स्वतःचं घड्याळ घालून काम करत नव्हता.

त्यात वेगळं काही नव्हतं. तेव्हा सगळेच तसं करत. घड्याळ लग्नात मिळायचं, सायकल आणि रेडिओच्या जोडीनं. बैल धुवायचे तर घड्याळ काढा, वखर धरायचा तर काढा, संत्र्याच्या झाडावर चढायचं तर काढा. ते मळ्यातल्या झोपडीत खुंटीला लटकायचं, धोतराच्या सोग्यात बांधलं जायचं, नाहीतर लेकराच्या हातात दिलं जायचं आणि त्याच्याच हातून पडायचं. मग आमच्याकडे यायचं. म्हणजे घड्याळ हे काम संपल्यावर घालायचं. बाजाराला जाताना, सोयरिकीला जाताना. वेळ बघायची गरज कामात, आणि घड्याळ खुंटीला!

ती घड्याळं बहुतेक एचएमटीची. जनता, सोना, पायलट, कोहिनूर. सरकारी एचएमटीनं १९६१ मध्ये बंगळुरूला घड्याळं करायला घेतली ती जपानच्या सिटिझन कंपनीशी करार करून, आणि ‘जनता’तली सतरा खड्यांची चावीची मशीन मुळात सिटिझनचीच. म्हणजे आमच्या गावात जपानी घड्याळ आलं ते एचएमटीच्या नावानं. बाबांनी हयातभर जपानी मशीन खोलली आणि ‘आपली देशी घडी’ म्हणून तिचं कौतुक केलं. त्यांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “मंग काय झालं? संत्रा तरी आपला कुठं आहे?” यावर मला काही बोलता आलं नाही.

त्या घड्याळांवर ‘पॅराशॉक’ असा शब्द असायचा. बॅलन्सच्या दांडीचं टोक केसाइतकं बारीक असतं. घड्याळ पडलं की तेच मोडतं. सिटिझननं १९५६ मध्ये त्या टोकाखालचा खडा बारीक स्प्रिंगवर बसवला. धक्का बसला की खडा किंचित दबतो आणि टोक वाचतं. पण त्या वेळी स्वस्त घड्याळांच्या केस असायच्या पितळेच्या, वर क्रोमचा मुलामा आणि मागे सुरीनं उचकटायचं दाबाचं झाकण. मुलामा घामानं जायचा. पट्ट्याच्या पिनेजवळ पितळ खाल्लं जाऊन भोकं पडायची. झाकण उघडलं की आत काय नसायचं? कापसाचा तंतू, तुरीचा भुसा, तंबाखूची चूर. एकदा एक जिवंत लाल मुंगी निघाली आणि टेबलभर पळाली. मशीनला धक्क्यापासून वाचवायची सोय होती. वऱ्हाडापासून वाचवायची नव्हती.

मी बाबांच्या शेजारी बसायला लागलो तेव्हा सेको फाइव्ह दिसू लागली होती. कुणाचा भाऊ आखातात, कुणाचा साळा मुंबईला, त्यांच्याकडून यायची. सेकोनं हा प्रकार १९६३ मध्ये काढला. नावातल्या पाच म्हणजे पाच गोष्टी: हाताच्या हालचालीनं आपोआप चावी भरणं, वार आणि तारीख एकाच खिडकीत, पाण्याला अटकाव, दणकट केस आणि पट्टा, आणि पाचवी, जी मला सगळ्यात शहाणपणाची वाटते, चार वाजण्याच्या जागी केसच्या खोबणीत बुडवलेली चावी. रोज चावी द्यायचीच नाही तर ती बोटाला सापडायला कशाला हवी? लपवून टाका. चावी बाहेर नसली की कशात अडकत नाही, मनगटाला टोचत नाही, आणि विनाकारण पिळलीही जात नाही. घड्याळाची निम्मी दुखणी चावीच्या भोकातून आत येतात, हे कुणा दुरुस्तीवाल्याला विचारून केल्यासारखं वाटतं.

बाबांना हे घड्याळ आवडलं नाही. आकाशवाणी नागपूरच्या बातम्या लागल्या की घड्याळ कानाशी धरून चावी देणं हा त्यांचा नेम. “चावी न देता चालते, मंग तिले मालक कायले पाह्यजे?” असं त्यांचं म्हणणं.

मला मात्र सेकोच्या झाकणानं वेड लावलं. झाकणावर आकड्यांचे दोन गट असतात, मध्ये छोटी रेघ. पहिला गट मशीनचा, दुसरा केसचा. ७००९ म्हणजे ती मशीन, आणि रेघेपुढचे आकडे म्हणजे तिला कुठलं घर दिलंय ते. एकच मशीन गोल केसमध्ये, चौकोनी केसमध्ये, उशीसारख्या फुगीर केसमध्ये. मशीन करणाऱ्यानं मशीन केली, घर बांधणाऱ्यानं घरं बांधली, आणि दोघांनी मापं आधीच ठरवून घेतली. शिवाय वेगळा अनुक्रमांक असतो. त्यातला पहिला आकडा वर्षाचा शेवटचा, दुसरा महिन्याचा. दशक कुठलं ते आपण केसच्या तोंडावळ्यावरून ओळखायचं. मला ते जनावराचं वय दातावरून ओळखण्यासारखं वाटायचं.

झाकण फिरवून काढा. खाली काळी रबरी रिंग, बोटभर घेराची, सुतळीहून बारीक. मग मागेपुढे डुलणारा अर्धचंद्र, तो हाताच्या हालचालीनं फिरून कमान भरतो. मशीनच्या भोवती प्लास्टिकचं कडं, म्हणजे मशीन केसला थेट टेकतच नाही. चावीच्या दांडीजवळचा खटका चिमट्यानं हलका दाबायचा, चावी सुटून हातात येते. मग केस तळहातावर पालथी करायची. मशीन, डायल, काटे असं सगळं एकत्र तळहातावर उतरतं, आणि बोटांत राहते फक्त एक पोकळ पोलादी वाटी. ती वाटी मी साबणाच्या पाण्यात टाकतो, जुन्या दातांच्या ब्रशनं घासतो. पाणी चहासारखं होतं. घाम, माती, फवारणीचं औषध यांचा वर्षानुवर्षांचा राप. मशीन तिकडे काचेच्या झाकणाखाली कोरडी, स्वच्छ, चालत बसलेली असते. घर धुवायला काढलं तरी घरधनी ओसरीवर बसून पान खातोय असं ते दृश्य.

एका घड्याळाची गोष्ट सांगण्यासारखी आहे. मोर्शीजवळच्या खेड्यातले एक संत्रावाले काका आले. भावानं कुवेतहून आणलेली सेको फाइव्ह, मशीन ७एस२६. तक्रार अशी:

“भाऊ, हे घडी दिवसा इंग्लिश बोलते अन् रातच्यानं उर्दू.”

मी म्हटलं, “काका, असं कसं?”

“कसं म्हंजे? मी रातच्या लाइनवर पानी द्याले जातो. बॅटरी मारून पाहतो त एक-दीडच्या सुमारास वाराच्या जागी उर्दू अक्षर. पहाटे पाहतो त पुन्हा इंग्लिश. कोनाले सांगतलं त म्हन्ते, तुम्ही रातच्यानं काही घेता काय?”

काका घेत नव्हते. आखातात विकायच्या सेकोंमध्ये वाराच्या चकतीवर सात वार दोनदा छापलेले असतात, एक इंग्रजी, एक अरबी, आळीपाळीनं, एकूण चौदा घरं. मध्यरात्रीनंतर चकती सावकाश दोन घरं सरकते. पहिल्या घरात दुसऱ्या भाषेतला वार येतो, थोडा वेळ थांबतो आणि पहाटेपर्यंत आपल्या भाषेतला. ज्याला रात्री झोप लागते त्याला हे आयुष्यात कळत नाही. रात्रीच्या थ्री फेजवर ओलीत करणाऱ्या शेतकऱ्याला कळतं. जपानातल्या चकती बनवणाऱ्याला तरी कुठं ठाऊक असणार, की त्याच्या घड्याळाचं हे अर्धवट सरकलेलं रूप नेमानं बघणारा माणूस वरुड-मोर्शीच्या पट्ट्यात बांधावर उभा आहे!

मी म्हटलं, चकती बदलून देऊ का? ते म्हणाले, “नको. कारन समजलं, झालं. आता लोकायले सांगतो.”

चकती बदलणं वाटतं तितकं साधंही नसतं. मुंबईहून ‘नव्यासारखी’ केलेली सेको फाइव्ह स्वस्तात मिळतात. जुनी मशीन, भलत्याच घड्याळाची केस, त्यावर नव्यानं रंगवलेलं भडक डायल. हा धंदा एवढा फोफावला की परदेशातले शौकीनही अशा घड्याळांना मुंबईच्या नावानं ओळखतात. एका मास्तरांनी असं घड्याळ आणलं, त्यात तारीख तिरपी दिसत होती, जशी रस्त्यावरची पाटी ट्रकनं धडकून कलंडावी. मास्तरांचं मत, मशीन वाकडी बसली आहे. मशीन सरळच होती. चावी चारवर असलेल्या घड्याळात मशीनच थोडी फिरवून बसवलेली असते, म्हणून तिच्या तारखेची चकतीही त्या हिशेबानं तिरपी छापतात, म्हणजे खिडकीत ती सरळ दिसते. चावी तीनवर असलेल्या घड्याळाची चकती वेगळी. ज्यानं हे घड्याळ जमवलं त्यानं एकाची चकती दुसऱ्यात घातली होती. सगळं बसतं म्हणून काहीही बसवलं. भाग अदलाबदल करता येतात याचा अर्थ नातं बघायचं नाही असा होत नाही. पण हे गिऱ्हाइकाला कोण सांगणार? मास्तर म्हणाले, “अकराशेत चालते आहे ना, मग तिरपं तर तिरपं.” तेही खरंच.

माझ्या हातूनही अशी एक चूक झाली आहे, आणि ती पुसता येत नाही. एका गिऱ्हाइकानं मुलीच्या लग्नाआधी सेकोची केस चमकवून मागितली. मी ती सराफाकडच्या बफवर नेली. परत आली ती झगझगीत, पण कडा गेल्या. भिजलेल्या साबणासारखी गुळगुळीत झाली. गिऱ्हाईक खूश होतं. मी नव्हतो. कारण त्या कडा म्हणजेच ते घड्याळ असतं. सेकोच्या तारो तानाका या डिझायनरनं साठच्या दशकात केसच्या रूपाचे नियमच बांधले होते: पृष्ठभाग सपाट, आरशासारखे, आणि दोन पृष्ठभाग भेटतात तिथली रेघ धारदार. १९६७ चं ४४जीएस हे त्या नियमांचं घड्याळ. ते मी प्रत्यक्ष हातात धरलेलं नाही, पण फोटोतही त्याच्या खांद्यावरून उजेड कापल्यासारखा वळतो. बफची चिंधी हे सगळं एका मिनिटात पुसून टाकते.

पुढे जपानच्या अकिता भागातल्या एका कंपनीबद्दल वाचलं, तेव्हा हीच केस आठवली. कंपनी मूळची ड्रिलसारखी कापायची हत्यारं करणारी. २००५ पासून ती मिनासे नावानं घड्याळं काढते. त्यांच्या घड्याळाची केस एका तुकड्याची नसते. लाकडी कोड्यासारखे तुकडे एकमेकांत बसवलेले, आणि सगळे सुटे होणारे. ओरखडा पडला तर तो तुकडा काढा, त्याच्या पद्धतीनं घासा, परत बसवा. शेजारच्या तुकड्याच्या कडेला बफ लागतच नाही. वाचून मला आमच्याकडची बंडी आठवली. बंडीच्या चाकाचा एक आरा मोडला तर वाढई काय चाक फेकतो? धाव उतरवतो, तेवढा आरा ठोकून काढतो, नवा तासून घालतो, धाव तापवून परत चढवतो. मोडणार हे गृहीत धरूनच ते चाक केलेलं. माझ्या आजोळच्या बंडीत मूळचं लाकूड किती उरलं होतं कुणास ठाऊक, पण बंडी तीच होती.

क्वार्ट्झ आल्यावर ही सुटसुटीत रचना माझ्या पोटावर आली. आता बहुतेक साध्या घड्याळांत मियोटाची २०३५ किंवा तिच्या तोंडवळ्याची दुसरी मशीन असते. बिघडली तर दुरुस्त करत नाहीत, बदलतात. जुनी काढा, डायल-काटे उतरवा, नवी ठेवा, चावीची दांडी केसच्या मापानं कापा. कौशल्य काय ते एवढ्या दांडीत उरलंय. जास्त कापली की चावी आत बसते पण मशीनला धरत नाही, कमी कापली की फट राहते आणि फटीतून वऱ्हाड आत. बाबांनी एका बालकमानीवर सकाळ घालवलेली मी पाहिली आहे. मी सकाळी सहा मशीन बदलतो. पैसे बरे सुटतात. त्याबद्दल एवढंच.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसलो ते.

कॅसिओच्या किकुओ इबे यांची गोष्ट घड्याळाच्या धंद्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊक आहे. वडिलांनी दिलेलं घड्याळ हातून पडलं आणि फुटलं. पडलं तरी न फुटणारं घड्याळ करायचं म्हणून ते १९८१ मध्ये कामाला लागले. दहा मीटरवरून पडलं तरी शाबूत, दहा बार दाबाच्या पाण्यात शाबूत, सेल दहा वर्षं, असा तिहेरी दहाचा पण. टोकियोजवळ हामुराला कंपनीच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरच्या संडासाच्या खिडकीतून ते नमुने खाली टाकायचे आणि जिना उतरून तुकडे गोळा करायचे. असे दोनशेच्या आसपास नमुने. शेवटी बागेत चेंडू खेळणाऱ्या एका मुलीकडे बघताना सुचलं, की चेंडूच्या आत मधोमध एखादी वस्तू तरंगत असेल तर तिला जमीन लागणारच नाही. त्यातून १९८३ मध्ये डीडब्ल्यू-५०००सी आलं. बाहेर रबरासारख्या रेझिनचा जाड कोट, आत पोलादी केस, आणि त्या केसमध्ये मशीन चारही बाजूंनी न चिकटता, मोजक्या ठिकाणी टेकून अधांतरी.

हे वाचल्यावर मला आधी आठवला तो बाबांचा खिळा. बाबांच्या लेखी घड्याळ जपायची वस्तू. घड्याळ पडलं तर दोष हाताचा. इबेंनी दोष घड्याळावर घेतला. आणि आमच्या गावातलं काहीतरी त्यानं खरंच बदललं: माणसं घड्याळ काढेनाशी झाली. जीशॉक असो नाहीतर साधं प्लास्टिकचं कॅसिओ, ते फवारणीत हातावर, ओलितात हातावर, भट्टीवर हातावर. पूर्वी माझ्याकडे पडलेली घड्याळं यायची. आता भिजलेली येतात, घामेजलेली येतात. दुखणं मशीनमधून रबरात गेलं.

अप्पर वर्धा धरणात जाळं टाकणारे एक भोई काका आहेत. पुतण्या पुण्याला कंपनीत आहे, त्यानं त्यांना चौकोनी जीशॉक दिलं. सेल संपला म्हणून माझ्याकडे आणलं. संध्याकाळची वेळ, गर्दी. मागचे चार स्क्रू काढले, झाकण काढलं, रबरी गादी उचलली. आवाजाची बारीक स्प्रिंग असते, खसखशीएवढी, ती उडून हरवली की घड्याळ आयुष्यभर मुकं होतं. मी ती जपली. २०१६ नंबरचा सेल बदलला. एसी लिहिलेल्या टिकलीला चिमट्याचं टोक टेकवून मशीन जागी केली. आकडे उमटले. सगळं मन स्प्रिंगेवर होतं. रिंगेला ग्रीस लावायचं राहिलं, आणि झाकण बसवताना ती एका कोपऱ्यात खोबणीबाहेर आली, ते मी पाहिलं नाही. स्क्रू आवळले. रिंग चेमटली.

पंधरा दिवसांनी काका आले. घड्याळ टेबलावर ठेवलं. काचेच्या आतून दव धरलं होतं, आकडे अर्धे पुसलेले. ते ओरडले नाहीत. म्हणाले, “भाऊ, तुम्ही उघडाच्या आंधी याच्यात पानी नव्हतं.”

उघडलं तर रिंगेवर दातानं चावल्यासारखी खूण आणि संपर्काच्या पट्ट्यांवर हिरवी बुरशी. केसचा, मशीनचा, कुणाचाच दोष नव्हता. ज्या माणसानं तिसऱ्या मजल्यावरून दोन वर्षं घड्याळं टाकली त्यानं पडण्याचा विचार केला होता, पाण्याचा केला होता. मोर्शीतल्या दुरुस्तीवाल्याला सहा वाजता घरी जायची घाई असते, याचा विचार कुणी कसा करणार?

मी म्हटलं, “काका, चूक माही. आठ दिवस द्या.”

सुदैवानं खणात तसंच एक पडलेलं होतं. एका पोराचं, कुत्र्यानं वरचा कोट आणि पट्टा चावून भुगा केलेलं. पोरानं नवं घेतलं आणि हे मला शंभर रुपयांत टाकून गेला होता. झाकणावरचा चौकटीतला मशीनचा नंबर तोच. मी कुत्र्याच्या तोंडून वाचलेली मशीन काढली आणि काकांच्या केसमध्ये ठेवली. जिथं जशी बसायला हवी तशी ती बसली, जराही न घासता. रिंग अमरावतीहून नवी मागवली. रात्रभर घड्याळ पाण्याच्या पेल्यात बुडवून ठेवलं आणि रात्री दोनदा उठून बॅटरी मारून पाहिलं. बायको म्हणाली, पेल्यात काय मासा आहे का?

पैसे घेतले नाहीत. काकांनी दिलेही नाहीत, आणि ते बरोबरच होतं.

या वर्षी मृग लागायच्या आधी ते पुन्हा आले. सेल मंद झाला होता. या वेळी ते समोरच्या बाकावर बसले नाहीत, पेटीला वळसा घालून माझ्या बाजूला येऊन उभे राहिले. मी झाकण काढलं, सेल बदलला, रिंग काढून सिलिकॉन ग्रीस लावायला घेतलं.

“दाखवा,” ते म्हणाले.

मी रिंग त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती दिव्याखाली धरली, अंगठ्याच्या नखावरून सावकाश फिरवली, पूर्ण एक फेरी, जसं जाळ्याच्या गाठी तपासतात तसं. एका जागी थांबले, पुन्हा मागे नेली, नख टेकवून पाहिलं. मग चिमट्याकडे हात न करता रिंग माझ्या तळहातावर ठेवली.

“हाव. लावा आता.”